मुलांच्या हाती चालती वेबसाइट द्या: गोव्यातल्या संगणक विभागांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील महाविद्यालयांच्या संगणक विभागांतील शिक्षक आणि अभ्यासक्रम मंडळांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी पेडण्याची. संगणकाची पदवी गोव्यातच घेतली आणि गेली १४ वर्षे पणजीत वेबसाइट्स बांधण्याचे, आणि त्याहून जास्त बांधलेल्या साइट्स चालत्या ठेवण्याचे काम करते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे नव्या मुलामुलींच्या मुलाखती होतात आणि त्या घेणाऱ्यांत मी असते. यंदाच्या मुलाखती संपल्यावर दोन दिवस मला चैन पडले नाही, म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी काही जणांनी मला शिकवले आहे. रागाने लिहीत नाही. साइट चालती ठेवायला मुलांना शिकवणे तुमच्याशिवाय कुणाच्याच हातात नाही म्हणून लिहिते.

एका मुलाखतीचे सांगते. मुलगा डिचोली तालुक्यातला, वर्गात पहिल्या पाचांत येणारा. शेवटच्या सत्राचा प्रकल्प म्हणून त्याने ऑनलाइन दुकान केले होते. रिॲक्ट या तयार साधनाने बांधलेले, लॉगिन, खरेदीची टोपली, ऑर्डरींची यादी, सगळे देखणे. तो मनापासून दाखवत होता. मी म्हटले, "आता ग्राहक म्हणून डिसोझा हे आडनाव घाल. आपल्याकडे इंग्रजीत लिहितात तसे, डी नंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन." त्याने टाइप केले, बटण दाबले आणि पान पांढरे झाले. वरच्या कोपऱ्यात डेटाबेसची चूक इंग्रजीत उमटली. तो खजील होऊन म्हणाला, "मॅडम, टेस्टिंगला असे नाव कोणी घातलेच नव्हते."

गोव्यात! जिथल्या हजेरीपटांवर डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो ओळीने असतात, तिथे.

झाले असे होते की ग्राहकाने लिहिलेले नाव त्याचा प्रोग्रॅम थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेच्या, वाक्यात चिकटवत होता. एसक्यूएलमध्ये ॲपॉस्ट्रॉफी ही मजकूर संपल्याची खूण. डी पाशी मजकूर संपला, उरलेला 'सोझा' डेटाबेसला आज्ञा वाटला आणि ती आज्ञा त्याला कळेना. आडनाव होते म्हणून पानच पांढरे झाले. त्या जागी कोणी जाणूनबुजून खरी आज्ञा लिहिली असती तर डेटाबेसने ती पाळली असती आणि दुकानातल्या सगळ्या ग्राहकांची माहिती बाहेर गेली असती. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून हा हल्ला जाहीरपणे माहीत आहे आणि त्याचा उपायही जुना आहे: वाक्याचा साचा डेटाबेसला आधी द्यायचा, नाव-पत्ता वेगळा पाठवायचा, म्हणजे नावाची आज्ञा होऊच शकत नाही. मी त्या मुलाला इंजेक्शनची व्याख्या विचारली. त्याने ती बिनचूक सांगितली. पाठ होती.

यात मी त्याला दोष देत नाही. त्याच्या दुकानात आजवर तीनच माणसे शिरली होती: तो स्वतः, त्याचा जोडीदार आणि दहा मिनिटांपुरते बाहेरचे परीक्षक. त्यानंतर प्रकल्पाचा अहवाल काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून विभागाच्या कपाटात गेला. ज्या साइटवर परके माणूस कधी येत नाही, ती साइट बांधणाऱ्याला काही शिकवत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दर वेळी कोऱ्या पानापासून सुरू करू नका. एका तुकडीने गावासाठी एक साइट बांधावी, गावातल्या माणसांनी ती खरोखर वापरावी, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने ती ताब्यात घेऊन वर्षभर सांभाळावी. गुण त्या सांभाळण्याला द्यावेत.

हे मला सुचले ते आमच्या खाजनामुळे. माझे आजोबा शापोऱ्याच्या काठच्या खाजनात शेती करायचे. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. तुम्हाला हे मी सांगायला नको. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर काढायला उघडतात. आजोबांनी तो बांध बांधलेला नव्हता, त्यांच्या आजोबांनीही नव्हता. पण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीआधी आजोबा बांधावरून चालत जायचे आणि खेकड्यांची बिळे शोधायचे. एवढेसे बीळ. त्यात चिखल कोंबला की झाले. तो नाही कोंबला तर भरतीचे पाणी त्यातूनच वाट काढते, बांध फुटतो आणि खारे पाणी शिरलेल्या शेतात पुढे कित्येक हंगाम भात धड येत नाही. नव्याने खाजन बांधायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही. तरी गावात कोणीही सांगितले असते की खाजन कळते ते यांना.

वेब इंजिनिअरिंग म्हणतात ते मला तसेच दिसते. बांधणे हा त्यातला छोटा भाग.

ही ज्ञानशाखा फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली ती मार्च १९८९ मध्ये. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले आणि त्यानंतर जो तो साइट बांधू लागला. पुस्तिका छापावी तशा साइट्स बांधल्या गेल्या: एकदा केली, संपले. मग त्यांवर बँका आल्या, रेल्वेची तिकिटे आली, रुग्णालये आली आणि पुस्तिकेच्या पद्धतीने बांधलेले कोसळू लागले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच अनुभव आधी येऊन गेला होता. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिशला भरलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द त्यातूनच पुढे आला. वेबच्या बाबतीत १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, आंतरराष्ट्रीय वेब परिषदेच्या जोडीने, वेब इंजिनिअरिंगवर पहिली कार्यशाळा झाली. ही वेगळी ज्ञानशाखा आहे असे त्या काळात आग्रहाने मांडणाऱ्यांत सॅन मुरुगेसन होते आणि योगेश देशपांडेही होते. आपल्या ओळखीचे आडनाव त्या यादीत आहे हे मुलांना सांगा, त्यांना आवडेल.

वेगळी शाखा कशासाठी, हा प्रश्न मलाही विद्यार्थिनी असताना पडायचा. कामाला लागल्यावर उत्तर मिळाले. दुकानात विकत घेऊन बसवलेला प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालणार हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. वेबवर काहीच ठाऊक नसते. समोर कोणता फोन आहे, जाळे किती संथ आहे, वाचणाऱ्याला दिसते की तो ऐकून वाचतो, तो सज्जन आहे की चोर, तुमच्या पानातले निम्मे पोचले आणि निम्मे वाटेत राहिले का, यातले काहीही. आणि साइट कधी 'पूर्ण' होत नाही. ती वापरात असतानाच बदलावी लागते.

मी हे कसे शिकले ते सांगते. चूक माझी होती.

नोकरीचे दुसरे वर्ष. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी सेवेच्या पावत्या ऑनलाइन देण्याचे काम माझ्याकडे आले. मी फॉर्म केला, पैसे भरण्याची सोय जोडली, ऑफिसच्या वेगवान जाळ्यावर वीसेक वेळा तपासली. सगळे चोख. मग श्रावणातला सोमवार आला. दिवसभर पाऊस, जाळे रडतखडत चाललेले. लोक 'पैसे भरा' हे बटण दाबत, चक्र फिरत राही, काही घडत नाही असे वाटून ते पुन्हा दाबत. संध्याकाळी देवस्थानातून फोन आला. तीसेक जणांचे पैसे दोनदा कापले गेले होते आणि दोन-दोन पावत्या निघाल्या होत्या. एक म्हातारी बाई माशेलहून बस धरून पावती दाखवायला आली होती. तिने एकच अभिषेक सांगितला होता, दुसरा कोणाच्या नावाचा, एवढेच ती पुन:पुन्हा विचारत होती.

ती रात्र मी सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदी, वाचत काढली. आयुष्यात पहिल्यांदा लॉग नीट वाचला तो तेव्हा. त्यात सगळे लिहिलेले होते. एकाच माणसाच्या दोन विनंत्या, सहा-सात सेकंदांच्या अंतराने. पहिली सर्व्हरने पूर्ण केली होती, पैसे घेतले होते, पावती केली होती. फक्त 'झाले' हे उत्तर परत जाताना वाटेत हरवले. फोनला वाटले काही झाले नाही, माणसाला वाटले काही झाले नाही, आणि सर्व्हरला दुसरी विनंती म्हणजे दुसरा अभिषेक वाटला. उपाय सोपा निघाला: फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा, तो पैशांबरोबर पाठवायचा आणि डेटाबेसला बजावायचे की हा क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी पावती करू नकोस, आधीचीच परत दे. एकदा केले काय आणि दहादा केले काय, परिणाम एकच. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या, नियमांत विनंतीच्या पुट आणि डिलीट या पद्धतींना हा गुण अपेक्षित आहे, पोस्टला नाही.

आता हे पाहा. गेट आणि पोस्ट यांतला फरक मला परीक्षेत आला होता. मी लिहिले होते की गेटमध्ये माहिती पत्त्याच्या पट्टीत दिसते, पोस्टमध्ये दिसत नाही. मला पूर्ण गुण मिळाले. आजही बहुतेक मुले मला हेच उत्तर देतात. गेट म्हणजे नुसते विचारणे, कितीदाही विचारा. पोस्ट म्हणजे काहीतरी करायला सांगणे, ते दोनदा घडू शकते, हा खरा फरक. तो मला माशेलच्या त्या बाईने शिकवला. मुलांनी तो कोणाच्या पैशांवर न शिकता तुमच्या प्रयोगशाळेत शिकावा असे मला वाटते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाळे मुद्दाम संथ करता येते. सर्व्हरच्या उत्तराला दहा सेकंद उशीर लावणे ही एका ओळीची गोष्ट आहे. असा फॉर्म मुलांपुढे ठेवा आणि घाईच्या माणसासारखे बटण दाबायला सांगा. एका तासात कळते.

दुसरी एक गोष्ट आपल्या भाषेची आहे आणि ती आपण शिकवली नाही तर दुसरे कोणी शिकवणार नाही. आमच्याकडे एकदा एका स्पर्धेच्या प्रमाणपत्रांची तक्रार आली. 'ज्ञानेश्वर' नावाच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर 'ज्ञाने' छापले गेले होते आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात पांढरे प्रश्नचिन्ह. बांधणाऱ्याने नावाला २० बाइट्सची जागा ठेवली होती; बाइट हे संगणकातल्या जागेचे माप. इंग्रजीत २० बाइट्स म्हणजे २० अक्षरे, पुरेशी. देवनागरीचे मात्र यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट्स लागतात, आणि आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते कितीतरी चिन्हांचे असते. 'ज्ञानेश्वर' मोजून पाहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. १० चिन्हे, ३० बाइट्स. विसाव्या बाइटवर कात्री लागली तेव्हा सहा चिन्हे पूर्ण बसली आणि 'श' मधोमध चिरला गेला. तो चिरलेला 'श' म्हणजे ते प्रश्नचिन्ह. 'क्षि' हे एक अक्षर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेला ४ लांबीचे दिसते. पहिलीतल्या मुलाला विचारा, तो एक म्हणेल, आणि बरोबर तोच आहे.

हा अर्ध्या तासाचा धडा आहे. पण तो शिकलेला मुलगा आयुष्यात पुन्हा कधी 'नावात फक्त ए ते झेड चालेल' अशी अट फॉर्मला घालणार नाही. आपल्या मामलेदार कचेरीपासून देवळापर्यंत, एकाच गावाचे नाव मराठीत, कोकणीत, रोमी लिपीत आणि पोर्तुगीज वळणाच्या इंग्रजीत चालते. डिचोली आणि बिचोलिम, काणकोण आणि कानाकोना. जगातल्या कितीतरी इंजिनिअरांना जो प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागतो तो आपल्या मुलांच्या रेशनकार्डावर आहे. याचा फायदा आपण का घेत नाही?

दृष्टिहीन वापरकर्त्यांबद्दलही थोडे लिहिते, कारण आपल्या अभ्यासक्रमात हा विषय बहुधा शेवटच्या युनिटच्या शेवटच्या ओळीत असतो. म्हापशाला मी काही रविवार मुलांना शिकवत असे. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी स्वतः केलेला नोंदणीचा फॉर्म घेऊन आली. मी संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचे वाचून दाखवणारे मोफत स्क्रीनरीडर चढवले, पडदा बंद केला आणि म्हटले, भर तुझाच फॉर्म. ती टॅब दाबत गेली. स्पीकरमधून आवाज आला, "एडिट, ब्लँक." पुढे टॅब. "एडिट, ब्लँक." तेरा चौकटी, तेरा वेळा तेच. कोणती नावाची, कोणती फोनची, तिलाच कळेना. चौकटीच्या शेजारी नाव लिहिलेले होते, पण ते त्या चौकटीला जोडलेले नव्हते. डोळ्यांना शेजारी दिसणे वेगळे आणि एचटीएमएलमधल्या, म्हणजे पान लिहिण्याच्या भाषेतल्या, लेबलने बांधलेले असणे वेगळे. तिने तिथेच बसून तेराही लेबले जोडली. पान मराठीत आहे हे वरच्या लँग गुणधर्मात सांगितले, म्हणजे ज्याच्याकडे मराठी आवाज बसवलेला आहे त्याला तोच मिळतो. वीस मिनिटे लागली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून आहेत, साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडभेद निदान ४.५ ला १ हवा असा आकडासुद्धा त्यात दिला आहे. हे सगळे वाचायला द्या, पण आधी पडदा बंद करा.

आता तुम्ही विचाराल की यात फ्रेमवर्क, म्हणजे रिॲक्टसारखा तयार सांगाडा, कुठे बसते. मुलांना नोकरी रिॲक्ट येते म्हणून मिळते हे मी नाकारत नाही. मीही जाहिरातीत तो शब्द घालते. पण माझ्या १४ वर्षांत हाताखालून किती लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) गेल्या ते मोजत नाही. पहिल्या वर्षी जेक्वेरीशिवाय पान हलत नव्हते, आज नव्या कामात तिचे नाव निघत नाही. एचटीटीपी, एचटीएमएल, सीएसएस, एसक्यूएल आणि लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या शंभरेक आज्ञा मात्र पहिल्या महिन्यात शिकले त्या आजही रोज लागतात. सर्नवरचे ते पहिले पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडते. म्हणून पहिल्या वर्षी मुलांना साध्या फायलीत हाताने पाने लिहू द्या. पत्ता टाइप केल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडते, नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसला कोण विचारते, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र कोण तपासते, सर्व्हर काय पाठवतो, हे नेटवर्क टॅब उघडून ओळीने बोलून दाखवता आले पाहिजे. ते आले की फ्रेमवर्क दोन महिन्यांत येते. उलटा रस्ता धरलेली माणसे मी पाहिली आहेत. काही बिघडले की त्यांच्याकडे पुन्हा सुरू करण्यापलीकडे उपाय नसतो.

आणि उसन्या कोडवर किती टेकायचे हेही कळले पाहिजे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने आपले लेफ्ट-पॅड नावाचे तयार कोडचे पॅकेज एनपीएमवरून, म्हणजे अशा पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून, काढून घेतले. ११ ओळींचे कोड, काम एवढेच की शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या. त्यावर न कळत टेकलेले हजारो प्रकल्प काही तास बांधले जाईनात. मुलांना सांगा की आपल्या प्रकल्पातला पॅकेजेसचा फोल्डर उघडा आणि त्यात तुम्ही न मागितलेली किती नावे आहेत ती मोजा.

एआयचेही तेच. आज मुले फॉर्म लिहून घेतात, वाईट नसतो. तो बरोबर आहे का हे सांगायला जी नजर लागते ती बिघडलेले दुरुस्त करूनच येते.

आता तुमच्या अडचणी. वर्कलोड, परीक्षेची योजना, प्रयोगशाळेतले बंद पडलेले संगणक. मला हे बाहेरून जेवढे दिसते त्याहून आत जास्त असणार. तरीही खर्चाची भीती बाळगू नका. डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपये लागतात. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट मोफत देते. सरावासाठी टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्स चढवले की सर्व्हर झाला. साइट कोणाची? वाड्यावरच्या वाचनालयाची यादी, भजनी मंडळाच्या सप्त्याच्या पाळ्या, चवथीला करंज्या-नेवऱ्या करणाऱ्या स्वयंसहाय्य गटाच्या ऑर्डरी. पैशांचे व्यवहार विद्यार्थ्यांच्या साइटवर आणू नका, हे मी अनुभवाने सांगते. फोन नंबर आणि पत्ते लागतील तेवढेच घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा त्या निमित्ताने मुले खरोखर वाचतील.

गुण कशाचे द्यायचे, हा खरा पेच. मला सुचते ते असे. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी सरावाच्या सर्व्हरवरचा डेटाबेस मुलांच्या देखत पुसावा आणि सांगावे, आणा परत. बॅकअप घेतो असे सगळेच म्हणतात. परत आणून दाखवणारे मला मुलाखतींत फार थोडे भेटले. गिटचा इतिहास, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, उघडून एक बदल निवडावा आणि तो का केला ते विचारावे. बिघाडांची वही मागावी: साइट कधी बंद पडली, कोणी कळवले, कारण काय निघाले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. वहीत एकही बिघाड नसेल तर साइट कोणी वापरलेली नाही एवढेच त्यातून कळते. पुढच्या तुकडीला सोपवताना लिहिलेल्या टिपणाला तर मी सगळ्यात जास्त गुण देईन, आणि ते गुण ज्यांना साइट मिळाली त्या मुलांनी द्यावेत. ते टिपण वाचून एका दुपारी आपल्या संगणकावर साइट उभी करता आली का, एवढीच कसोटी.

पहिले वर्ष गोंधळाचे जाईल. आधीच्या मुलांचे कोड वाचताना पुढची मुले कंटाळतील, सगळे पाडून नव्याने बांधू म्हणतील. पाडू देऊ नका. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीही त्यांना कोरे पान देणार नाही. कोणीतरी सोडून गेलेले, तोडकेमोडके, चालू असलेले काहीतरी देईल.

सुरुवात करायला साइट हवी असेल तर एक माझ्याकडे आहे. आमच्या गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मी २०१९ पासून सांभाळते. साधी पीएचपी भाषा, एक डेटाबेस, हजारभर पुस्तके. ग्रंथपालकाकांशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. जो विभाग तयार असेल त्याला मी ती देईन आणि वर्षभर महिन्यातून एका शनिवारी येऊन मुलांबरोबर बसेन. मोबदला नको.

तिच्यात एक बिघाड आहे. शोधाच्या चौकटीत 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द लिहिला तर तो ज्याच्या नावात आहे ते पुस्तक सापडत नाही, आणि ते तिसऱ्या कपाटात समोर उभे आहे. 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा नुक्त्याचा 'र' आणि हलन्त घेऊन, एकदा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काकांच्या संगणकावरून एक तऱ्हा उमटते, लोकांच्या फोनवरून दुसरी. दुरुस्ती मला माहीत आहे. पुस्तक कुठे आहे हे काकांना पाठ असल्यामुळे सध्या कोणाचे अडलेले नाही, म्हणून मी ती केलेली नाही. वहीत नोंद करून पहिल्या तुकडीसाठी ठेवली आहे.

आपली नम्र,
पेडणे तालुक्यातली एक माजी विद्यार्थिनी